कोरियाची राणी आणि आमची आमटी

कोरिया हा देश नकाशात कुठे आहे ते मला आजही दाखवता येणार नाही. पण तिथल्या राजवाड्यात राणीच्या आधी कोण जेवतं, कोण कुणापुढे किती वाकतं आणि थोरल्या राणीला सर्दी झाली की कुणाची मान जाते, ते मला विचारा. मी चौथी शिकले. त्या चार वर्षांत गुरुजींनी कोरियाचं नावसुद्धा काढलं नव्हतं. पुढचं शिक्षण सरकारी चॅनेलनं केलं.

माझा धंदा मांड्यांचा. दिवाळी अंकवाल्या बाईंनी बजावलं आहे की मुंबईकडच्या वाचकांना मांडे ठाऊक नसतात, नीट समजावून लिहा. मांडा म्हणजे पुरणाचीच पोळी, पण लाटणं न लावता केलेली. गहू ओलवून दळायचा, पीठ फडक्यातून गाळायचं, पाणी लावून लावून इतकं तिंबायचं की ते रबरासारखं ओढलं गेलं पाहिजे. दोन पाऱ्यांच्या मध्ये मूठभर पुरण भरायचं आणि मग ती पोळी दोन्ही हातांवर, मनगटापासून कोपरापर्यंत फिरवत सुपाएवढी करायची. चुलीवर मातीचं खापर पालथं घातलेलं असतं. त्यावर ती एका झटक्यात टाकायची. टाकताना दुमडली तर गेली. खांदे भरून येतात, हातावरचे केस जळतात आणि पंगतीत वाढणारा बाप्या म्हणतो, "घ्या, गरम गरम घ्या," जणू त्यानंच केली.

नाशिक आणि वर बागलाणाकडे लग्नकार्याला, देवाच्या नैवेद्याला हे लागतं. नव्वद सालाच्या आसपास मी ऑर्डरी घ्यायला लागले. आमचा भाजीचा मळा होता. मेथीच्या जुड्या बांधत बसण्यापेक्षा हे बरं, एवढाच त्यात विचार. दहा वर्षांत हाताखाली पाच बायका आल्या आणि मी मखमलाबादच्या आक्का झाले.

या धंद्यातली एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, कारण पुढची सगळी भानगड तिच्यावर आहे. देवाच्या कार्याचा स्वयंपाक नैवेद्य दाखवेपर्यंत कुणी चाखायचा नाही. चाखला की उष्टा. म्हणजे पुरणाच्या डाळीचं पाणी काढून त्याची दोनशे माणसांची आमटी करायची, ती जिभेला न लावता. मीठ हाताच्या अंदाजानं. आक्काचा हात मिठाला चुकत नाही, अशी पंचक्रोशीत ख्याती होती. ख्याती कुणी पसरवली म्हणाल, तर मीच.

दोन हजार साल उलटून पाच-सहा वर्षं झाली असतील. शहरात घरोघरी केबल होती आणि तिच्यावर दागिने घालून झोपणाऱ्या सुना दिसत. आमच्या मळ्यापर्यंत ती वायर आली नव्हती. आमच्याकडे छपरावर अँटेना आणि खाली सरकार दाखवील ते. एका शनिवारी सरकारनं कोरिया दाखवला.

बायका माझ्या पडवीत डाळ निवडायला बसायच्या, तेव्हा टीव्ही चालू असायचा. पहिल्या दिवशी निकाल लागला की ही माणसं नेपाळची. दुसऱ्या खेपेला ती चीनची झाली. तिसऱ्या आठवड्यात माझ्या सुनेनं, ती दहावी पास आहे, शेवटची पाटी वाचून सांगितलं की हा कोरिया.

"म्हंजी कुठं?" शकुंतलेनं विचारलं.

"चीनच्या पुढं."

"मंग चिनीच की," शकुंतला म्हणाली आणि भूगोल संपला.

ही शकुंतला म्हणजे माझा उजवा हात. माहेर बागलाणातल्या नामपूरचं, म्हणून मांडा तिच्या हाताला लहानपणापासून वळलेला. वय चाळिशीचं, गळ्यात तुळशीची माळ, तोंड अखंड चालू. घाबरली की माहेरच्या अहिराणीवर जायची. नवऱ्याला द्राक्षाच्या छाटणीच्या दिवसांत काम असायचं, बाकी वर्ष तो विश्रांती घ्यायचा. घर हिच्या मांड्यांवर चालत होतं.

मालिकेची गोष्ट साधी होती. गरिबाची एक पोर राजवाड्यात कामाला येते. काम काय, तर थोरल्या राणीच्या ताटातला प्रत्येक पदार्थ आधी आपण चाखायचा. विष असलं तर ही मरणार, राणी वाचणार. डोक्यावर जाळीची काळी टोपली घातलेला एक दिवाण असतो, त्याला राणी नकोशी झालेली असते. सगळे हिंदी बोलायचे, तेही पौराणिक नाटकातल्यासारखं. तोंड हलायचं थांबलं तरी वाक्य चालूच. नावं कुणाच्या लक्षात राहीनात, म्हणून आम्ही आमची ठेवली. चव घेणारी ती धाकटी, राणी ती थोरल्या बाई आणि दिवाण तो टोपलीवाला.

"सगळं आपल्यासारखंच हाय," असं शकुंतलेनं जाहीर केलं. जमिनीवर बसतात, आपल्यासारखंच. चपला बाहेर काढतात, आपल्यासारखंच. म्हातारी बाई ओरडली की तरण्या चळचळा कापतात, आपल्यासारखंच. तिथल्या मुदपाकखान्यात मासा कापायला घेतला की ही डोळ्यांवर पदर ओढायची आणि आतून विचारायची, "झालं का गं?" झालं म्हटलं की पदर खाली आणि पुन्हा आपल्यासारखंच. अख्खा देश मासे-मटणावर जगतो आणि हिनं त्यांच्या गळ्यात माळ घातली.

परदेशातलं काय घ्यायचं ते जो तो आपल्या पिशवीच्या मापानं घेतो, हे मी तेव्हा पाहिलं. आमच्या आळीतल्या सासवांनी तिथला नमस्कार उचलला. "बघ जरा. राणी असून सासूपुढं कपाळ भुईला टेकवती. तुझी तर नुसती वाकायला कंबर दुखती." सुनांनी दुसरंच उचललं. माझी सून एकदा डाळ पाखडता पाखडता म्हणाली, "आत्याबाई, ती धाकटी कपाळ टेकवते खरी. पण टेकवून झालं की नाहीच म्हणते."

मग मी तो नमस्कार लक्ष देऊन पाहिला. खरंच होतं. धाकटी पालथी पडायची आणि तिथूनच, मान वर न करता, "यह मुझे स्वीकार नहीं" म्हणायची. पुढे आमच्या सूनबाईंनी तो प्रयोग माझ्यावर केला. आमच्या घरात गॅसची शेगडी आली ती त्यामुळे.

गिऱ्हाइकांनाही लागण झाली. गंगापूर रोडच्या एका बाईंना मुलीचा साखरपुडा राजवाड्यासारखा हवा होता. प्रत्येक पाहुण्यापुढे चौरंग आणि चौरंगावर बारा इवल्या वाट्या.

"पाव्हणे कुठले?" मी विचारलं.

"निफाडचे."

"बाई, निफाडच्या माणसाला बारा वाट्या म्हणजे नुसती चौकशी झाली."

"आक्का, तुम्हाला त्यातलं सौंदर्य कळायचं नाही."

नाही कळलं. निफाडच्या एका म्हाताऱ्यालाही कळलं नाही. त्यानं बाराही वाट्या एका ताटात पालथ्या केल्या, खीर, आमटी, लोणचं सगळं एकत्र कालवून चार घासांत संपवलं आणि मुलीच्या बापाला विचारलं, "आता जेवायला कधी वाढताय?"

शकुंतलेनं काय घेतलं? तिनं चव घेणारीचं काम घेतलं. मालिकेत धाकटीकडे चांदीचा चमचा असायचा. विष लागलं की तो काळा पडतो म्हणे. शकुंतलेनं थोरल्या मुलीच्या बारशात आलेला चांदीचा चमचा ट्रंकेतून काढला आणि कमरेला खोचून कामावर यायला लागली. साध्या लग्नाच्या स्वयंपाकात प्रत्येक पातेल्यात चमचा बुडवायची, डोळे मिटायची आणि निकाल द्यायची. "वांग्याला तिखट पायजे. भाताला वाफ कमी." निकाल बरोबर असायचे, हाच तर त्रास होता. एकदा चमचा लसणाच्या चटणीत राहिला आणि काळा पडला, तर ही चटणी उकिरड्यावर टाकायला निघाली. मी ती तिच्यासमोर भाकरीबरोबर खाल्ली. "मेले नाही," म्हटलं. "आता पीठ तिंब."

पण देवाच्या कार्यात चमचा काढायचा नाही, हे तिला बजावून ठेवलं होतं. तिनं ते पाळलंही. एक दिवस सोडून.

तो दिवस ओझरकडच्या वत्सलाबाईंच्या घरचा. एक मुलगा विमानाच्या कारखान्यात, दोघं द्राक्षात, आणि भाऊबंद एवढे की मोजायला बसावं. वत्सलाबाई जिला बोलावतील तिला अख्खी भाऊबंदकी बोलावते, अशी तिथली रीत. धाकट्या मुलाचं लग्न झालं होतं आणि त्यानंतरचं देवाचं कार्य होतं. दोनशे पान. त्याच भाऊबंदकीत पुढे तीन लग्नं ठरलेली होती आणि ती सगळी घरं त्या दिवशी जेवायला येणार होती. आमटी बरी झाली तर तिन्ही लग्नं माझी. बिघडली तर ओझरचा रस्ता मला बंद.

अंगणात चुली मांडल्या होत्या. आमटीला उकळी आली तसं मी मीठ टाकलं. तेवढ्यात वत्सलाबाईंनी देवघरातून हाक मारली, नैवेद्याला पानं किती मांडायची ते विचारायला. मी गेले, पाच मांडा म्हणाले, परत आले आणि मीठ टाकलं. पहिलं टाकलेलं मला आठवलंच नाही. वय साठीला टेकलं होतं, पण ते मी कुणाला सांगत नव्हते, मलासुद्धा.

शकुंतला समोरच्या चुलीवर मांडे टाकत होती. तिनं मला दोन्ही वेळा पाहिलं. मग तेव्हाच का बोलली नाही? कारण आक्काचा हात चुकत नाही, हे मीच तिला इतकी वर्षं ऐकवत आले होते. बोलायची सोय कुठे ठेवली होती? मी चिंच कोळायला पाठ फिरवली आणि तिनं कमरेचा चमचा काढला.

"आक्का, खारी शे हाई! लय खारी!"

मी वळले. आणि दारात, नैवेद्याचं ताट हातात घेऊन, वत्सलाबाई उभ्या होत्या. शकुंतलेच्या तोंडात अजून चमचा.

"काय केलंस गं हे?" वत्सलाबाई ओरडल्या. "देवाच्या आधी तू जेवलीस?"

"जेवले नाय बाई, चव पाह्यली. मीठ दोनदा..." आणि ती माझ्याकडे बघत थांबली.

म्हणजे नाव तिनं घेतलं नाही. ते घ्यायचं काम माझ्यावर सोडलं. भाऊबंदकीतल्या चार बायका ओसरीवरून उठून बघायला आल्या होत्या. त्यातल्या दोघी पुढच्या लग्नांच्या वरमाया. मला विचार करायला फार वेळ लागला नाही, हे लिहिताना आज जरा जड जातं आहे.

"टीव्ही बघून डोकं फिरलंय हिचं," मी म्हणाले. "आजपासून ही माझ्याकडे नाही."

"आणि मीठ?" वत्सलाबाईंनी विचारलं.

"मीठ बरोबर आहे. माझ्या हातचं आहे."

शकुंतलेनं हातावरचं पीठ धुतलं. माझ्यापुढे आली आणि भर अंगणात त्या मालिकेतल्यासारखी पालथी पडून तिनं कपाळ भुईला लावलं. ओसरीवरच्या बायकांना वाटलं, माफी मागते आहे. मला कळलं की ही काहीतरी म्हणणार. मान वर न करता ती म्हणाली, "आक्का, राजवाड्यात विष घालणारीला काढत्यात. चव घेणारीला नाय." मग उठली, पिशवी घेतली आणि जीप बघायला हमरस्त्याकडे गेली.

मी पुढे काय केलं? जे कुठलीही अनुभवी बाई करील ते. देवासाठी बाजूच्या शेगडीवर लहान पातेल्यात वेगळी आमटी केली, मीठ एकदाच टाकून. नैवेद्य झाला. आणि मोठ्या पातेल्यातली निम्मी आमटी काढून उरलेलीत डाळीचं अळणी पाणी, गूळ आणि चिंचेचा कोळ घातला. पाहुण्यांनी मागून मागून प्यायली. "आक्का, आमटी म्हणजे तुमचीच," वत्सलाबाई म्हणाल्या. तिन्ही लग्नं मला मिळाली. म्हणजे जिच्या जिभेमुळे मला मीठ कळलं तिला मी घालवलं आणि शाबासकी तेवढी ठेवून घेतली. टोपलीवाल्याला आम्ही पडवीत बसून शिव्या देत होतो, तो याहून वेगळं काय करत होता?

बाकीच्या चौघी डाळ निवडायला येत राहिल्या, पण टीव्ही लावा असं कुणी म्हणेना. मालिका मी एकटीनं शेवटपर्यंत पाहिली. धाकटीला राणी पुढे मोठा मान देते. मला ते पटलं नाही. खरे मोठे लोक असं करत नसतात.

शकुंतलेला बोलवायला गेले का? नाही गेले. सहा महिने वाट पाहिली की गरज पडली की येईल. ती कशाला येते? तिनं नामपूरहून दोन भाच्या आणल्या, एक खापर विकत घेतलं आणि स्वतःच्या ऑर्डरी धरल्या. तिची पद्धत अशी, की देवाचं पातेलं आधीच वेगळं करायचं, त्यात मीठ तिच्या भाच्यांच्या डोळ्यांदेखत पडायचं, आणि नैवेद्य झाला की मोठ्या पातेल्यातली पहिली वाटी तिनं पंगतीसमोर उभं राहून स्वतः प्यायची. मगच वाढायचं. लोकांना ते फार आवडलं. करणारी आधी स्वतः खाते, मग भीती कसली! दुसऱ्या मांडेवाल्यांनाही यजमान तसंच करायला लावू लागले. तीन-चार वर्षांत ओझरपासून मखमलाबादपर्यंत ही रीतच होऊन बसली आणि ती कुठून आली हे विचारायची कुणाला गरज वाटली नाही.

तोवर माझे खांदे गेले होते. खापरापुढे उभं राहणं बंद झालं आणि मी लग्नाला आहेर घेऊन जाणारी म्हातारी झाले. आणखी काही वर्षांनी वत्सलाबाईंच्या नातीच्या लग्नाचं आमंत्रण आलं, तशी गेले. मांड्यांना कोण, तर शकुंतला. जिनं नैवेद्य उष्टा केला म्हणून या बाईंनी अंगण डोक्यावर घेतलं होतं, तिलाच आता मानानं बोलावलं होतं. बोलायला मी तरी कोण?

पंगत बसली. शकुंतला वाटी घेऊन मधे आली. केस पांढरे झालेले, माळ तीच. वत्सलाबाई माझ्या शेजारीच, नवऱ्या मुलाच्या आईला कौतुकानं सांगत होत्या, "ही आमच्याकडची जुनी पद्धत बरं का विहीणबाई. पहिली वाटी करणारीनं सगळ्यांसमोर घ्यायची. माझ्या सासूबाईंच्या सासूबाईंपासूनची."

"अगंबाई! पूर्वीच्या लोकांनी काय विचार करून ठेवलाय एकेक," विहीणबाई म्हणाल्या.

"हो तर. या आक्का बघा, याच धंद्यातल्या. आक्का, सांगा त्यांना, जुनीच आहे ना?"

शकुंतला चार हातांवर होती. वाटी तोंडाशी नेता नेता थांबली आणि माझ्याकडे बघू लागली, त्या दिवशी अंगणात थांबली होती तशीच.

"जुनी कसली," मी म्हणाले. "कोरियाची आहे."

विहीणबाई हसल्या. पंगतीतले आणखी दोन-चार हसले.

"हसू नका. याच घरी, याच अंगणात आमटीत मी दोनदा मीठ घातलं होतं. हिनं चाखून पकडलं. मी खोटं बोलले आणि हिला सगळ्यांसमोर काढून टाकलं. तेव्हापासूनची पद्धत आहे ही."

वत्सलाबाईंनी माझा हात दाबला. "आक्का, लग्नघरात हे आज कशाला?"

"त्या दिवशीही लग्नघरच होतं," मी म्हणाले.

पंगत खोळंबली. वाढपी बादल्या घेऊन उभे. शकुंतला काही रडली-बिडली नाही आणि मलाही रडू आलं नाही. ती चालत माझ्या पानापाशी आली आणि तिनं वाटी माझ्यापुढे धरली.

"मंग आज पह्यली वाटी तुमीच घ्या."

मी घेतली. सगळे बघत होते. आमटीत मीठ कमी होतं. मी तसं सांगितलं.